वळणातला थांबा

आजरा-आंबोली रस्त्यावर जीप जोरात हाकल्याचा दंड हणमंत शेडगेच्या मोबाइलवर आला, तेव्हा तो शिरवळला स्वतःच्या पडवीत खिळ्याला आरसा टांगून दाढी करत होता. सुट्टीचा दिवस होता. एका गालावर साबण तसाच ठेवून त्यानं मजकूर वाचला, पुन्हा वाचला, आणि आसपास कुणी बाईमाणूस नाही ना हे बघून एक सणसणीत शिवी हासडली.

आजऱ्याला तो आयुष्यात फार तर दोनदा गेला असेल. जीप त्याच्या सात पिढ्यांत कुणी घेतली नव्हती. पण मजकूर अगदी ठाम होता. वाहन निळी जीप, खाजगी. चालक हणमंत मारुती शेडगे, व्यावसायिक परवाना. गुण वजा दोन, शिल्लक सात.

"माझं भूत हिंडतंय काय तिकडं?" तो आरशातल्या अर्ध्या साबणाच्या तोंडाला म्हणाला.

दंडाच्या रकमेचं त्याला काही नव्हतं. जीव अडकला होता तो त्या सातात. ज्यांचं पोट रस्त्यावर आहे त्यांना हे सात म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी थोडं सांगितलं पाहिजे.

पूर्वी दंड गाडीला व्हायचा. कॅमेरा नंबर टिपायचा, पावती मालकाकडे जायची, आणि मालक ती ज्याच्या गळ्यात घालता येईल त्याच्या गळ्यात घालून मोकळा व्हायचा. वारलेल्या ड्रायव्हरांच्या नावावरसुद्धा सिग्नल तोडल्याचे दंड चढले होते. बरं, चालवणाऱ्याच्या चेहऱ्याचा फोटो घ्यावा तर न्यायालयानं मनाई केलेली. मग कुणीतरी हुशार माणसानं चेहरा सोडून हात धरला, आणि चालछाप आली.

सरळ रस्त्यावरसुद्धा माणूस स्टिअरिंग स्थिर धरत नाही. गाडी केसभर डावीकडे सरकते, डोळा ते टिपतो, मेंदू हाताला निरोप धाडतो, हात केसभर उजवीकडे ओढतो. हे अखंड चालू असतं आणि चालवणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. निरोप पोचायला लागणारा वेळ प्रत्येकाचा वेगळा, मनगटाचा जोर वेगळा, ब्रेकवर पाय टेकवायची तऱ्हा वेगळी. या सगळ्याची मिळून एक रेघ निघते, आणि ती बोटाच्या ठशासारखी ज्याची त्याची असते. नव्या गाड्यांच्या स्टिअरिंगमध्ये हे मोजणारा सेन्सर होताच. सरकारनं त्याला रस्त्याकडेच्या खांबांशी बोलायला लावलं, एवढंच.

घरच्या गाड्या चालवणाऱ्यांची छाप घ्यायला गेलं असतं तर गावोगाव मोर्चे निघाले असते, म्हणून रजिस्टरात फक्त व्यावसायिक परवानेवाल्यांचे हात होते. अशा प्रत्येकाला बारा गुण. गेलेला गुण परत येत नाही. आणि गुण हाताचे, गाडीचे नव्हेत. माणूस घरच्या कारनं सासरवाडीला निघाला आणि वाटेत सिग्नल तोडला, तरी गुण ट्रकच्याच परवान्यातून जायचा. शून्य झालं की व्यावसायिक परवाना जन्मभरासाठी रद्द.

एवढा कडकपणा कशासाठी, तर तांड्यासाठी. महामार्गावर आता ट्रक एकेकटे धावत नव्हते. पुढच्या ट्रकमध्ये माणूस बसायचा आणि मागचे तीन रिकाम्या केबिनचे ट्रक त्याच्या हाताची हुबेहूब नक्कल करत यायचे. पुढचा हात चुकला की चार ट्रक चुकले. हणमंत असा तांडा घेऊन शिरवळहून बंदरावर जायचा. गेल्या तीन-चार वर्षांत त्यात त्याचे तीन गुण गेले होते. त्याच्या जातकुळीत याहून मोठं पद नव्हतं.

कंपनीला प्रत्येक दंडाची खबर आपोआप जाते. दुसऱ्या दिवशी डेपोत पाय ठेवताच सुपरवायझर लोहारांनी त्याला हाळी दिली.

"काय शेडगे, धबधबा बघायला गेला होता म्हणं आंबोलीला?"

"मी घरात होतो साहेब. मशिनीचं डोकं फिरलंय."

"मग हरकत घ्या. गुण तीनाच्या खाली आलं की मला तांडा काढून घ्यावा लागतोय, तुम्हाला ठावं हाय. आन् तुमच्यासारखा माणूस मला परत कुठं गावायचा?"

हरकत घ्यायची म्हणजे आधी दंडासोबत आलेली हाताची रेघ उघडून बघायची. हणमंतनं ती डेपोच्या कँटीनमध्ये, वडापाव एका हातात धरून उघडली. सरळ रस्त्याची रेघ बारीक कापरी होती, सगळ्यांचीच असते. मग एक उजवं वळण आलं. रेघ वर चढली, मध्यावर जरा थबकली, आणि मग उरलेली चढली. पुढचं उजवं वळण, पुन्हा तोच थबकलेपणा. डाव्या वळणांवर काही नाही.

हणमंतनं वडापाव खाली ठेवला. हा थांबा त्याच्या डाव्या खांद्याचा होता. आणि जगात तो आणखी एकाच हाताला ठाऊक होता.

कांचनच्या.

लहानपणी तालमीत हणमंतचा डावा खांदा निखळला होता आणि गावच्या हाडवैद्यानं तो बसवला होता, जरासा चुकीचा. तेव्हापासून तो हात एका उंचीच्या वर चढत नसे. उजवं वळण घेताना डाव्या हातानं स्टिअरिंग वर ढकलावं लागतं. त्याचा हात मध्येच अडायचा, मग उजवा हात पकड बदलून उरलेलं वळण ओढायचा. पापणी लवेल एवढाच थांबा, पण चुकायचा नाही.

लग्नानंतर कांचन घरी बसून कंटाळली आणि एक दिवस ट्रकमध्ये येऊन बसली, ती उतरलीच नाही. माहेरी ट्रॅक्टर चालवलेला, त्यामुळे धीट होती. हणमंतनं तिला शिकवलं. ती शेजारी बसून त्याच्या हातांकडे टक लावून बघायची आणि जसंच्या तसं उचलायची. पहिल्यांदा खंबाटकीचा चढ तिनं एकटीनं काढला, तेव्हा हणमंत हसून हसून बेजार झाला होता.

"अगं, तो थांबा माझ्या खांद्याचं दुखणं हाय. तुझा खांदा धड हाय की. सरळ फिरीव."

"मला वाटलं, ट्रक असाच वळवत्यात," कांचन म्हणाली. "आता हाताला बसलं, उस्ताद. आता न्हाई निघायचं."

ती त्याला उस्ताद म्हणायची, रस्त्यावर. घरी 'अहो'. पण घरी ते असायचे कधी? मूलबाळ नव्हतं. दाराला कुलूप लावायचं आणि दोघांनी निघायचं. एकाच्या हाती स्टिअरिंग, दुसरा मागच्या फळीवर आडवा. ती म्हणायची, झोपेत तुमचा थांबा लागला नाही की मला जाग येते. वाटतं, गाडी दुसराच कुणी चालवतोय.

जोडीनं गाडी चालवणाऱ्यांत तेव्हा एक रीत होती. चालछाप यायच्या आधीचे दिवस. दंड गाडीला झाला की जोडीनं ऑफिसला सांगायचं, कुणाच्या नावावर टाका. ज्याचे गुण जास्त शिल्लक त्याच्या नावावर टाकायचा, म्हणजे दोघंही रस्त्यावर राहतात. दंड वाटून घेणं म्हणायचे त्याला. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. जेवणातली भाकरी वाटून घ्यावी तसं ते होतं. पण तांडे सुरू होणार अशी बातमी आली, पुढच्या ट्रकसाठी कोऱ्या परवान्याची माणसं घेणार असं कळलं, तेव्हा हणमंत-कांचननं चहा पिता पिता ठरवून टाकलं: एकाचं नाव कोरं ठेवायचं. सगळे दंड तिच्या नावावर. गुण वर्षानं भरून येतात, तेव्हा तिचाही तांडा होईल.

मग नियम बदलला. गुण भरून येणं बंद झालं. कांचनचा परवाना गेला, आणि हणमंतला तांडा मिळाला. जोडीची गरजच संपली. फळीच काढून टाकली ट्रकमधून.

कांचननं त्याला एका शब्दानं दोष दिला नाही. फक्त एकदा म्हणाली, "त्यातलं निम्मं दंड तुमचं होतं असं हापिसात जाऊन सांगूया का? दोघांचं थोडंथोडं गुण राहतील. तांडा नसला तर नसला. दोघं छोटी गाडी चालवू."

"बघू," हणमंत म्हणाला.

ती पुन्हा म्हणाली, तो पुन्हा बघू म्हणाला. त्याला नाही म्हणायचं नव्हतं, आणि हो म्हणायला तांडा आडवा येत होता. तो सकाळी निघून जायचा आणि परत येऊन तिला रस्त्याच्या गोष्टी सांगायचा, तिला आवडतील म्हणून. त्या गोष्टी तिला किती लागत असतील, हे त्या शहाण्याच्या ध्यानात यायला फार उशीर झाला. एका दुपारी ती पिशवी भरून दारात उभी राहिली. "मला हुडकायला येऊ नका," म्हणाली. "आलासा तर आणि लांब जाईन." बहिणीकडे विचारलं तर बहीण म्हणाली, बरी आहे, बास. त्याला आता चार वर्षं होत आली होती.

आणि आता ही रेघ. तिचा परवाना चालछाप येण्याआधी गेलेला. तिच्या हाताची नोंदच कुठे नव्हती. मशीननं रजिस्टर धुंडाळलं आणि त्या हाताला सगळ्यात जवळचा हात सापडला तो हणमंतचा.

त्यानं हरकत घेतली नाही. दंड भरला आणि दिवसभर वेड्यासारखा स्वतःशी हसत राहिला.

दुसरा दंड आला तो गवसे गावात शाळेपाशी भोंगा वाजवल्याचा. तेव्हा मात्र हणमंतनं मोबाइल उशाशी घेऊन ती रेघ पुन्हा पुन्हा बघितली. भोंगा कुणासाठी वाजवला असेल? पोर आडवं आलं असेल, का म्हैस? तिला म्हशींचा राग यायचा. मग क्षमतेपेक्षा जास्त प्रवासी नेल्याचा आला, सीटांखालच्या सेन्सरनं अकरा माणसं मोजली होती. म्हणजे बाई भाड्यानं माणसं नेत होती, वडाप चालवत होती! सगळीकडे बॅटरीच्या बस आल्या तरी त्या जंगलातल्या वाड्यांना वडापशिवाय कोण विचारतंय? हणमंतनं एकदा ट्रकमध्ये एक जादा माणूस घेतला होता, तेव्हा हिनंच त्याला फाडून खाल्लं होतं. अकरा माणसं! त्याला तिला चिडवायची इतकी अनावर इच्छा झाली की तो उठून दारापर्यंत गेला. दारात थांबला. 'आलासा तर आणि लांब जाईन,' असं ती म्हणाली होती.

माणसं पत्राची वाट बघतात तशी तो दंडाची वाट बघू लागला. दंड आला की कळायचं, ती आहे. चालवते आहे. घाईत आहे. गवशाच्या पुढे तिचा वेग हमखास वाढायचा. हणमंतनं मनाशी ठरवलं की तिच्या जीपमध्ये दवाखान्याची माणसं असणार आणि तिला पुढची गाडी गाठून द्यायची असणार. त्याला तिच्याविषयी असं काही ठरवायला आवडायचं. आणि प्रत्येक आनंदामागं गुण उतरत होते. चार राहिले. तीन राहिले.

त्या आठवड्यात तो तांडा घेऊन बोरघाट उतरत होता. भर दुपार होती. उजव्या वळणावर त्यानं आरशात पाहिलं. मागचे तिन्ही ट्रक एकामागोमाग वळणात शिरले आणि मध्यावर जरासे थबकले, त्याच्या खांद्यासारखे. तिन्हींच्या केबिन रिकाम्या. आपल्यामागं आपलंच दुखणं घेऊन धावणाऱ्या या रिकाम्या डब्यांत एक माणूस असतं तर, शिव्या देणारं, शेंगा खाऊन टरफलं खाली टाकणारं, तर काय बिघडलं असतं? त्या ट्रकच्या मोबदल्यात आपण तिला दिलं, असं त्याला पहिल्यांदाच स्वच्छ वाटलं, आणि ते वाटणं त्यानं बाजूला सारलं नाही.

बंदरावर पोचल्यावर मोबाइल बघितला. सुट्टीच्या दिवशीचा एक दंड उशिरानं नोंदला गेला होता. शिल्लक एक. लोहारांनी तांडा काढून घेतला, डोळ्यांत पाणी आणून घेतला. पुढच्याच सुट्टीचा आणखी एक, दोन गुणांचा दंड आला आणि त्याच्यासोबत आरटीओचं बोलावणं.

आरटीओच्या निरीक्षक शबाना मुजावर तरुण होत्या आणि चष्मा डोक्यावर ठेवून शोधत होत्या.

"बसा शेडगे. चहा घेणार?"

आरटीओत चहा विचारला जातो, हा हणमंतच्या मते चालछापेपेक्षा मोठा चमत्कार होता. त्यानं मान हलवली. चष्मा सापडल्यावर मॅडमनी पडदा त्याच्याकडे वळवला. त्यावर दोन रेघा होत्या.

"ही तुमची, छाप घेतली तेव्हाची. ही जीपवरची. मशीन म्हणतं एकच हात. मला तसं वाटत नाही."

"का वं मॅडम?"

"तुम्ही तांडा घेऊन बंदरावर असता तेव्हासुद्धा हा हात आजऱ्याला दिसतो. एक माणूस दोन ठिकाणी कसा असेल, म्हणून मशीन तेवढे दंड आपोआप टाकून देतं. तुमच्या सुट्टीच्या दिवसांचे चिकटतात." त्यांनी दुसऱ्या रेघेवर बोट ठेवलं. "आणि हा थांबा. दुखरा खांदा थंडीत जास्त अडतो. दिवसभर चालवून दमला की जास्त अडतो. तुमच्या रेघेत ते दिसतं. या हातात मात्र सकाळी, संध्याकाळी, थंडीत, पावसात, थांबा अगदी सारखा आहे. याला दुखत नाही, शेडगे. हा शिकलेला आहे."

हणमंत त्या रेघेकडे बघत राहिला. आपला खांदा कुणीतरी इतकी वर्षं जपून वापरतंय, फक्त त्यातलं दुखणं गळून गेलंय. त्यानं चहाचा मोठा घोट घेतला आणि जीभ भाजून घेतली.

"कुणाला गाडी शिकवलीत तुम्ही?" मॅडमनी विचारलं.

"हरकत घेतली तर काय हुईल?"

"खोल चाचणी लावता येते. दोन हात वेगळे निघतील, तुमचे गुण परत मिळतील, तांडाही मिळेल. आणि त्या हाताला नाव मिळेल. खाजगी जीपवर वडाप आहे, म्हणजे जीप जप्त. चालवणाऱ्याचा व्यावसायिक परवाना आधी रद्द झालेला असेल, तर तुरुंग."

"आन् न्हाई घेतली तर?"

"हे दोन गुण धरून शून्य. परवाना जन्मभरासाठी रद्द. तुमची छाप रजिस्टरातून काढतात."

"मग त्यो जीपवरचा हात?"

"मशीनच्या ओळखीचा राहणार नाही. दंड झाला तर जुन्या पद्धतीनं मालकाच्या घरी जाईल. बाकी कुणाला कळवायचं कारण नाही."

"मलाबी न्हाई?"

"तुम्हाला कसं कळवतील? रजिस्टरात तुमचा हातच नसेल."

बाहेर शिकाऊ मुलांच्या गाड्या आठाच्या आकड्यात फिरत होत्या. हणमंत बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसला. परवाना जाणार हे त्यानं घरून निघतानाच मनाला सांगून ठेवलं होतं. पण हे दुसरं त्याला सुचलंच नव्हतं. गवशापुढचा तिचा वेग, शाळेपाशी वाजलेला भोंगा, अकरा माणसं, सगळं बंद. ती मोकळी होणार होती, आणि त्याच्यापासून सुद्धा.

"शेडगे, घाई नाही. चार दिवस घ्या, बघू," मॅडम म्हणाल्या.

त्या शब्दानं तो ताठ झाला. "न्हाई मॅडम. बघू नगं. एकदा बघू म्हणून बघितलंय मी. ह्यो हात माझाच हाय. कुठं अंगठा लावू?"

मुजावर मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं आणि अंगठ्याची पाटी पुढे सरकवली. तुम्ही हरकत घेतल्याशिवाय मला तपासात शिरता येत नाही, असं त्या नंतर हळूच म्हणाल्या. ते त्याला सांगितलं का स्वतःला, हे कळलं नाही.

परवाना गेला. लोहारांनी डेपोत गेटवर बसायचं काम देऊ केलं, तेही त्यानं घेतलं नाही. घरी तो सतत मोबाइल उचलून बघायचा आणि मग आठवायचं की आता काही येणार नाही. घर फार मोठं झालं होतं. असे काही आठवडे गेल्यावर एका सकाळी त्यानं दाढी केली, दोन्ही गालांची, दाराला कुलूप घातलं आणि एसटीनं आजऱ्याला गेला. हुडकायला जायचं नाही, एवढं त्यानं स्वतःला बजावलं होतं. नुसतं बघायचं आणि यायचं.

स्टँडबाहेर निळी जीप उभी होती. कांचन बॉनेटला टेकून "गवसं, आंबोली, चला बसा, सुटली" असं ओरडत होती, आणि जीप सुटायची काही चिन्हं दिसत नव्हती. केस कानाशी पांढरे झाले होते. आवाज तोच. हणमंतनं टोपी कपाळावर ओढली, कानाला रुमाल बांधला आणि माणसांच्या घोळक्यातून मागच्या बाकावर जाऊन बसला, दोन पोत्यांच्या मध्ये.

जीप निघाली. गाव मागं पडलं, झाडी दाट झाली. पहिलं उजवं वळण आलं आणि हणमंतनं डोळे मिटून घेतले. जीप वळली, मध्यावर जरा थबकली, मग उरलेली वळली. त्याचा डावा खांदा आपोआप हलला. किती तरी दिवसांनी त्याला आपण घरी आल्यासारखं वाटलं.

पुढं बसलेले एक म्हातारे आप्पा शेजारच्या नव्या माणसाला सांगत होते, "निर्धास्त बसा. आमच्या कांचनताईला आजवर एक दंड न्हाई. एवढं खांब उभं केल्यात सरकारनं, पण हिच्या वाटंला कोण जात न्हाई."

"खरं काय ताई?"

"खरं की," कांचन म्हणाली. "शिकवणारा चांगला होता."

हणमंतनं मान वर केली. आरशात तिचे डोळे होते, आणि ते सरळ त्याच्याकडे बघत होते.

आंबोलीला माणसं उतरली, पोती उतरली. हणमंत जागचा हलला नाही. कांचननं मागं न बघता विचारलं, "येऊ नका म्हणाले होते न्हवं?"

"हुडकायला न्हाई आलो. धबधबा बघायला आलोय."

"पाऊस संपून किती दिस झालं. धबधब्याला पाणी कुठाय?" तिनं शेजारची सीट झटकली. "पुढं येऊन बसा, उस्ताद. गाडी चार्जिंगला न्यायचीय. मागं बसून तुमचा खांदा अवघडंल."

तो पुढं येऊन बसला, क्लीनरच्या जागी. आयुष्यात तो त्या बाजूला फार थोडा बसला होता; पाय कुठे ठेवावेत हे त्याला सुचेना.

"आज सुट्टी हाय?" तिनं जीप काढत विचारलं.

"परवाना गेला."

"तुमचा?" तिनं वळून पाहिलं. "मी निघाले तवा तुमचा एक गुण गेला न्हवता."

"गवशाच्या पुढं एवढी पळवतीस कशाला गं?" हणमंत म्हणाला. "आन् अकरा माणसं? मी एक घेतला तर मला जेवायला घातलं न्हवतंस."

कांचन हसायला गेली आणि मध्येच थांबली. रस्त्यावर पोट असलेल्या माणसाला चालछाप समजावून सांगावी लागत नाही. तिनं जीप कडेला घेतली. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ती त्या हातांकडेच बघत राहिली.

"समदं तुमच्यावर गेलं?" ती म्हणाली. "आन् तुम्ही हरकत न्हाई घेतली?"

"घेतली असती तर तुला धरलं असतं. आन्..." त्यानं कानाला बांधलेला रुमाल सोडला. "दंड आला की कळायचं, तू बरी हाईस. दुसरं काय येत हुतं माझ्याकडं तुझं? मला लई आठवण येती गं तुझी."

कांचननं पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं. "येडं माणूस," ती म्हणाली. मग, "गवशापुढं रस्ता सरळ हाय म्हणून पळवते. दुसरं काय न्हाई."

तिनं जीप पुन्हा रस्त्यावर घेतली.

"उद्या येऊ का?" हणमंतनं विचारलं.

"बघू," कांचन म्हणाली, आणि त्याच्याकडे तिरका डोळा टाकला. त्यानं मान खाली घातली. तो शब्द आता तिच्या हक्काचा होता.

पुढं उजवं वळण दिसू लागलं. "ह्यो तुमचा थांबा मी कवाच मोडायला पाहिजे होता," ती म्हणाली. "तुमची गाडी राहिली असती." तिनं पाठ ताठ केली, ओठ आवळले आणि स्टिअरिंग एका दमात फिरवायला घेतलं. धड खांदा, धड हात. वळणाच्या मध्यावर जीप डुलली, आणि हात थांबला. मग उरलेलं वळण तिनं नेहमीसारखं ओढलं.

"न्हाई जमत," कांचन म्हणाली.

"राहू दे," हणमंत म्हणाला. "रस्त्यावर आता माझं तेवढंच राहिलंय."